हिवाळ्यात कमी खर्चात युरोप: प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्टची सहल क्रमाने कशी आखायची

हिवाळ्यात युरोप स्वस्त पडतो हे खरं आहे, पण सगळा हिवाळा स्वस्त नसतो आणि सगळा युरोपही नाही. बरेच जण ऑफर दिसली की आधी विमानाचं तिकीट काढतात, मग व्हिसाची अपॉइंटमेंट शोधतात, मग उरलेल्या पैशांत हॉटेलं बसवतात आणि कपड्यांचा विचार शेवटच्या रविवारी करतात. या उलट्या क्रमात वाचवलेले पैसे दंड, रद्द झालेली बुकिंग आणि तिकडे घाईने घेतलेले महागडे जॅकेट यांत जातात.

म्हणून इथे एकच मार्ग घेतो: चेक प्रजासत्ताकातलं प्राग, ऑस्ट्रियातलं व्हिएन्ना, हंगेरीतलं बुडापेस्ट. तिन्ही शहरं एकाच रेल्वेमार्गावर आहेत, पश्चिम युरोपच्या मानाने प्राग आणि बुडापेस्टला खर्च कमी येतो आणि थंडीत आत बसून बघण्यासारखं तिन्हीकडे भरपूर आहे. दुसरा देश निवडलात तरी टप्प्यांचा क्रम हाच ठेवा.

टप्पा १: आधी आठवडा ठरवा

मुलांना नाताळची सुट्टी असते म्हणून आपल्याकडून बहुतेक कुटुंबं २० डिसेंबर ते २ जानेवारी याच काळात निघतात. हिवाळ्यातला सर्वांत महागडा पंधरवडा तोच. विमान, हॉटेल, रेल्वे, सगळ्यांचे दर चढलेले असतात. त्यात २४ डिसेंबरच्या दुपारपासून दुकानं बंद व्हायला लागतात, २५ आणि २६ला तिन्ही देशांत सुट्टी असते. जास्त पैसे मोजून बंद दारं बघायची, असं व्हायला नको.

सगळ्यांत फायद्याचा काळ ७ जानेवारीनंतरचा, साधारण फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. नाताळचे बाजार बघायचेच असतील तर नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा ते डिसेंबरचा पहिला पंधरवडा धरा आणि त्यातही सोमवार ते गुरुवार मुक्काम ठेवा. शुक्रवार-शनिवारी आजूबाजूच्या देशांतले लोक बाजार बघायला येतात आणि खोल्यांचे दर लगेच वर जातात.

पैशांइतकाच उजेडही मोजा. २२ डिसेंबरच्या आसपास प्रागमध्ये सूर्य सकाळी आठच्या सुमाराला उगवतो आणि दुपारी चारला मावळतो. जानेवारीच्या अखेरीस संध्याकाळी पावणेपाचपर्यंत उजेड राहतो, म्हणजे दिवसात तासाभराहून जास्त भर पडते. मुंबई-पुण्यात डिसेंबरचा दिवसही अकरा तासांचा असतो, त्यामुळे आठ तासांचा दिवस म्हणजे काय याचा आपल्याला अंदाज नसतो.

इंटरनेटवरचे फोटो पाहून सगळीकडे पांढराशुभ्र बर्फ असेल असं धरून चालू नका. या तिन्ही शहरांत जानेवारीचं सरासरी तापमान शून्याच्या आसपास असतं. कधी बर्फ पडतो, कधी नुसता चिखल होतो. बर्फासाठीच जात असाल तर व्हिएन्नाहून सेमेरिंगला रेल्वेने एका दिवसात जाऊन या. हा डोंगरी रेल्वेमार्ग १९९८ पासून जागतिक वारसा यादीत आहे, त्यामुळे प्रवासही बघण्यासारखा आहे. आदल्या संध्याकाळी तिथला वेबकॅम बघा, बर्फ दिसला तरच तिकीट काढा.

थंडी अजिबात सोसत नसेल तर स्पेनच्या दक्षिणेकडे, सेव्हिया-मालागाकडे वळा. तिथे डिसेंबरातही संध्याकाळी सहापर्यंत उजेड असतो. मात्र स्वस्त खोल्यांत हीटर आहे का ते विचारून घ्या. मध्य युरोपातली घरं आतून उबदार असतात, तिकडची बऱ्याचदा नसतात.

टप्पा २: शहरं कमी, रात्री जास्त

बारा रात्रींत सात शहरं हा सगळ्यांत जास्त होणारा घोटाळा. हिवाळ्यात शहर बदलायचा प्रत्येक दिवस म्हणजे उजेडाचा निम्मा दिवस गेला: खोली सोडायची, स्टेशन गाठायचं, प्रवास करायचा, पुन्हा खोली शोधायची. बाहेर येईपर्यंत अंधार.

बारा रात्रींची माझी वाटणी अशी: प्राग ४, व्हिएन्ना ३, बुडापेस्ट ५. व्हिएन्ना या तिघांत महाग, म्हणून तिथे कमी. बुडापेस्टला एक रात्र मुद्दाम जास्त ठेवली आहे, त्याचं कारण व्हिसाच्या टप्प्यात येईल. विमान प्रागला उतरणारं आणि बुडापेस्टहून परतणारं बघा. तिकीट शोधताना 'मल्टी-सिटी' हा पर्याय निवडला की असं एकत्र तिकीट मिळतं. दोन वेगवेगळी एकेरी तिकिटं घेऊ नका, ती बहुतेक वेळा महाग पडतात.

तपासा: कुठल्याही शहरात तीनपेक्षा कमी रात्री उरत असतील तर ते शहर यादीतून काढा.

टप्पा ३: राहण्याची जागा, रद्द करता येणारी

व्हिसाच्या अर्जाला प्रत्येक रात्रीचा पुरावा लागतो. म्हणून आधी विनाशुल्क रद्द करता येणारी बुकिंग करा, ज्या नावाने पासपोर्ट आहे त्याच नावाने, आणि सोबतच्या प्रत्येकाचं नाव त्यावर येईल असं बघा. 'नॉन-रिफंडेबल' दर थोडा कमी दिसतो, पण व्हिसा हातात येईपर्यंत त्याच्याकडे बघू नका.

जागा निवडताना मी या क्रमाने बघतो: स्वयंपाकघर आहे का, मेट्रो किंवा ट्रॅमचा थांबा पाच मिनिटांत आहे का, आणि आल्यावर किल्ली कशी मिळते. तिसऱ्या प्रश्नाकडे लोक दुर्लक्ष करतात. बऱ्याच स्वस्त जागांना रिसेप्शन नसतं, दारावर कोड टाकून आत जायचं असतं आणि तो कोड मेलवर येतो. रात्री नऊला उणे पाच तापमानात दाराबाहेर इंटरनेट शोधत उभं राहायची वेळ येऊ देऊ नका. कोड कागदावर लिहून ठेवा.

तिन्ही शहरांत मुक्कामावर स्थानिक कर आहे. तो काही ठिकाणी बुकिंगच्या रकमेत धरलेला नसतो आणि तिथे गेल्यावर वेगळा द्यावा लागतो. दोन जागांची तुलना कर धरूनच करा.

टप्पा ४: शेंगेन व्हिसा

इथे सगळ्यांत जास्त वेळ द्या. शेंगेन म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणारा युरोपातल्या देशांचा गट, हे तिन्ही देश त्यात आहेत.

ज्या देशात सर्वाधिक रात्री, त्याच देशाकडे अर्ज करायचा. रात्री समसमान असतील तर जिथून शेंगेन क्षेत्रात शिरणार त्या देशाकडे. वरच्या आराखड्यात बुडापेस्टच्या पाच रात्री आहेत, म्हणून अर्ज हंगेरीकडे. एक रात्र जास्त ठेवली की हा प्रश्न मिटतो. 'अमुक देशाची अपॉइंटमेंट लवकर मिळते' म्हणून तिकडून व्हिसा काढायचा आणि मुक्काम भलतीकडे करायचा, हा सल्ला कुणीही दिला तरी ऐकू नका. सीमेवर चौकशी होऊ शकते आणि पुढच्या अर्जाला ते नडतं.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. पंधरा दिवसांच्या भरवशावर राहू नका. जानेवारीत जायचं तर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अपॉइंटमेंट घ्या. दिवाळीच्या आणि नाताळच्या सहलींची गर्दी एकावर एक येते. जून २०२४ पासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे, ६ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी ४५, सहा वर्षांखालच्यांना माफ. त्यावर अर्ज केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. व्हिसा नाकारला गेला तर शुल्क परत मिळत नाही.

पासपोर्ट मागच्या दहा वर्षांत काढलेला हवा, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध हवा आणि दोन पानं कोरी हवीत. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा. विम्याची मुदत परतीच्या पुढे काही दिवस ठेवा, कारण हिवाळ्यात विमान रद्द होऊन मुक्काम वाढू शकतो. स्कीइंग करणार असाल तर ते विम्यात धरलंय का ते पॉलिसीत वाचा, बऱ्याच साध्या पॉलिसींत ते वगळलेलं असतं.

बँक स्टेटमेंटमध्ये अर्जाच्या आठवड्यात अचानक आलेले दोन-तीन लाख रुपये शंका निर्माण करतात. घरच्यांनी दिलेले असतील तर त्यांचं पत्र आणि त्यांचं स्टेटमेंट जोडा. नोकरी करणाऱ्यांनी रजा मंजूर झाल्याचं पत्र, व्यवसाय करणाऱ्यांनी नोंदणीचे कागद आणि आयकर विवरणपत्र द्यावं. सोबत तारखेनुसार एका पानाचा कार्यक्रम: कुठल्या रात्री कुठे, तिथून पुढे कशाने. हॉटेलच्या तारखा, विमा सुरू होण्याची तारीख आणि हा कार्यक्रम यांत एका दिवसाचाही फरक राहू देऊ नका.

सावधान: अर्जासाठी विमानाचं आरक्षण लागतं, पूर्ण पैसे भरलेलं तिकीट लागत नाही. परतावा न मिळणारं तिकीट व्हिसाआधी काढायची काहीच गरज नसते.

तपासा: व्हिसा हातात आला की तिथेच तीन गोष्टी वाचा: कधीपासून कधीपर्यंत, किती दिवस, आणि एकदाच प्रवेश की अनेकदा. एकदाच प्रवेश असेल तर मध्ये लंडनला फिरून येता येणार नाही. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही, त्याचा व्हिसाही वेगळा.

टप्पा ५: विमान, मग रेल्वे

आता तिकीट पक्कं करा. हिवाळ्यात थांबा कुठे घेता हेही महत्त्वाचं. आखातातून जाणाऱ्या विमानाने गेलात तर इमिग्रेशन थेट प्रागला होतं. फ्रँकफर्ट किंवा म्युनिकमार्गे गेलात तर तिथेच होतं आणि पुढचं विमान गाठायला वेळ कमी उरतो. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहरा नोंदवायची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे, त्यामुळे रांगा लांबतात. शेंगेनमधल्या थांब्याला किमान तीन तास ठेवा.

रेल्वेत प्राग ते व्हिएन्ना सुमारे चार तास, व्हिएन्ना ते बुडापेस्ट सुमारे पावणेतीन. या मार्गावर चेक आणि ऑस्ट्रियन रेल्वे धावते आणि प्राग ते व्हिएन्ना रेजिओजेट नावाची खासगी कंपनीही. दोन्हीकडचे दर बघा. लवकर काढलेलं तिकीट आणि आदल्या दिवशी काढलेलं तिकीट यांत दुपटी-तिपटीचा फरक पडू शकतो. फक्त एक लक्षात ठेवा: युरोपभर रेल्वेचं वेळापत्रक डिसेंबरच्या मध्यावर बदलतं, म्हणून त्यानंतरच्या तारखांची तिकिटं काही काळ दिसतच नाहीत. सप्टेंबरमध्ये जानेवारीची गाडी सापडली नाही तर घाबरून बसचं तिकीट काढू नका, थोडं थांबा.

तीन शहरांसाठी युरेल पास, म्हणजे अनेक देशांच्या रेल्वेत चालणारा एकच पास, घेऊ नका. दोनच मोठे प्रवास आहेत, सुटी तिकिटं स्वस्त पडतात.

बुडापेस्टला उतरताना स्टेशनचं नाव तिकिटावर बघा. व्हिएन्नाहून येणारी गाडी आधी नदीच्या पश्चिमेकडच्या केलेनफोल्डला थांबते आणि मग पूर्वेकडच्या केलेतीला जाते. तुमची खोली नदीच्या कुठल्या बाजूला आहे त्यावर कुठे उतरायचं ते ठरवा.

सावधान: मधल्या एखाद्या प्रवासाला स्वस्त विमान घेणार असाल तर बॅगेचं माप आधी बघा. विझ एअरमध्ये फुकट नेता येणारी बॅग ४० × ३० × २० सेंटिमीटरची, म्हणजे शाळेच्या दप्तराएवढी. हिवाळ्याचे कपडे त्यात मावत नाहीत आणि विमानतळावर भरलेलं बॅगेचं शुल्क तिकिटापेक्षा जास्त होऊ शकतं.

टप्पा ६: कपडे

एक जाडजूड जॅकेट आणि आत रोजचा सुती टी-शर्ट, ही आपल्याकडची नेहमीची तयारी. ती चुकते. सुती कापड घाम धरून ठेवतं, आणि ट्रॅममधून बाहेर पडलं की तोच ओलावा अंगाला गार लागतो.

तीन थर घ्या. अंगालगत लोकरीचं किंवा सिंथेटिक थर्मल, दोन जोड पुरतात. त्यावर फ्लीस किंवा पातळ स्वेटर. सगळ्यांत वर वारा आणि पाणी अडवणारं जॅकेट, मांडीपर्यंत येणारं. खोल्या, दुकानं, संग्रहालयं आतून २० अंशांच्या वर गरम असतात, त्यामुळे पटकन काढता येतील असेच थर हवेत. पायातलं थर्मल मात्र रोज लागेलच असं नाही. तापमान उणे पाचच्या खाली किंवा वारा जोरात असेल तरच घाला, नाहीतर संग्रहालयात दोन तास घामाघूम व्हाल.

पैसे खर्च करायचे तर बुटांवर करा. पाणी न शिरणारे, तळाला खोल खाचा असलेले, आणि जाड मोजे घालून अर्धा नंबर सैल होतील असे. प्राग आणि बुडापेस्टचे जुने रस्ते दगडी फरशीचे आहेत आणि सकाळी त्यांवर काचेसारखा बर्फ जमतो. बूट निघायच्या दोन आठवडे आधी घरीच घालून फिरा. कान झाकणारी टोपी, मफलर, हातमोजे एवढं झालं की बास.

जॅकेट, टोपी आणि एक थर्मल जोड हातातल्या बॅगेत ठेवा. मोठी बॅग एक दिवस उशिरा आली तरी तुम्ही बाहेर पडू शकाल. हवा कोरडी असते, ओठांना व्हॅसलीन लागतं. थंडीत फोनची बॅटरी झपाट्याने उतरते, फोन आतल्या खिशात ठेवा.

टप्पा ७: खाणं आणि खाऊ

घरून नेताना लोक नेमक्या नको त्या वस्तू भरतात. युरोपीय संघात बाहेरच्या देशातून मांस आणि दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. तूप, पेढे, बर्फी, खवा, पनीर हे सगळं त्यात येतं. बहुतेक ताजी फळं-भाज्याही प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत, म्हणजे कढीपत्ता, लिंबू, हिरव्या मिरच्या नकोत. भाजणी, मेतकूट, चिवडा, चकली, कोरड्या चटण्या, तयार पोहे-उपमा हे न्या. लोणचं न्यायचं तर मोठ्या बॅगेत, दोन पिशव्यांत बांधून.

तिकडे दिवसाचं मुख्य जेवण दुपारी घ्या. सोमवार ते शुक्रवार दुपारच्या वेळेत तिन्ही शहरांत ठरावीक थाळीसारखा 'दिवसाचा मेन्यू' मिळतो: प्रागला पोलेद्नी मेनू, व्हिएन्नाला मिटागसमेनू, बुडापेस्टला नापी मेनू. तेच हॉटेल संध्याकाळी बरंच महाग असतं. रात्री खोलीवर सूप, ब्रेड, चीज आणि आपली भाजणी. शाकाहारी असाल तर सूप कशात शिजवलंय आणि तळण डुकराच्या चरबीत आहे का, हे प्रत्येक वेळी विचारा. हंगेरीत चरबीचा वापर सर्रास होतो.

नळाचं पाणी तिन्ही शहरांत पिण्याजोगं आहे. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका.

तपासा: ऑस्ट्रियात रविवारी सुपरमार्केट बंद असतात, मोठ्या स्टेशनांवरची मात्र उघडी मिळतात. व्हिएन्नाला रविवार येत असेल तर शनिवारीच सामान भरा.

टप्पा ८: पैसे

ऑस्ट्रियात युरो, पण चेक प्रजासत्ताकात कोरुना आणि हंगेरीत फोरिंट. युरो भरलेलं फॉरेक्स कार्ड प्रागला वापरलं की चलन बदलाचं जादा शुल्क लागू शकतं. बँकेला आधी विचारा आणि कोरुना-फोरिंट त्याच कार्डात भरता येतात का बघा. दुसरं कार्ड वेगळ्या खिशात ठेवा, परदेशी वापर निघण्याआधी सुरू करा.

मशीनने 'रुपयांत की स्थानिक चलनात' असं विचारलं तर दर वेळी स्थानिक चलन निवडा. रुपये निवडले की दर ते मशीन ठरवतं. रोकड बँकेच्या एटीएममधून काढा, पर्यटकांच्या गल्लीतल्या स्वतंत्र एटीएममधून नको. प्रागला चलन बदलताना फसगत झाली असं वाटलं तर पावती घेऊन तीन तासांच्या आत परत जा. १,००० युरोपर्यंतचा व्यवहार रद्द करायचा हक्क चेक कायद्याने दिला आहे.

टप्पा ९: तिथला रोजचा दिवस

हिवाळ्यात भारत साडेचार तास पुढे असतो, त्यामुळे सुरुवातीचे दिवस पहाटे चारलाच जाग येते. त्याचा उपयोग करा. लवकर आवरून उजाडता उजाडता प्रागच्या चार्ल्स पुलावर पोहोचा, उन्हाळ्यात तिथे पाय ठेवायला जागा नसते. सकाळी दहा ते दुपारी तीन उघड्यावरचं सगळं बघा. तीननंतर संग्रहालय, चर्च, कॉफीगृह. संध्याकाळी व्हिएन्नाच्या ऑपेरात उभं राहून बघायची स्वस्त तिकिटं मिळतात. बुडापेस्टचं सेचेन्यी हे गरम पाण्याचं स्नानगृह संध्याकाळी, बाहेर थंडी आणि पाण्यातून वाफ, अशा वेळीच बघावं. गेलेर्ट स्नानगृह मात्र १ ऑक्टोबर २०२५ पासून दुरुस्तीसाठी बंद आहे, जुन्या यादीवरून तिथे जाऊ नका.

हिवाळी वेळा आदल्या रात्री तपासा. प्रागच्या किल्ल्यातल्या इमारती नोव्हेंबर ते मार्च दुपारी चारलाच बंद होतात आणि तिथल्या बहुतेक बागा या काळात उघडत नाहीत. शहराबाहेरच्या अनेक चेक किल्ल्यांचे आतले भाग हिवाळ्यात बंद किंवा मोजक्याच दिवशी उघडे असतात.

ट्रॅम-मेट्रोचं कागदी तिकीट घेतलं की यंत्रात घालून त्यावर वेळेचा शिक्का मारा. शिक्का नसलेलं तिकीट खिशात असलं तरी तपासनीस दंड करतो आणि 'माहीत नव्हतं' हे कारण चालत नाही. बुडापेस्ट विमानतळाच्या १००ई बसला वेगळं तिकीट लागतं, शहराचा नेहमीचा पास चालत नाही.

टप्पा १०: बर्फाने वेळापत्रक मोडलं तर

युरोपातून निघणारं विमान हवामानामुळे रद्द झालं तर नुकसानभरपाई मिळत नाही, पण जेवण, गरज पडल्यास हॉटेल आणि दुसरं विमान किंवा पैसे परत, हे कंपनीला द्यावंच लागतं. काउंटरवर हे स्वतःहून मागा. काउंटर बंद असेल तर बिलं जपून ठेवा आणि नंतर दावा करा. रेल्वे तासाभराहून जास्त उशिरा पोहोचली तर साधारणपणे भाड्याचा २५ टक्के आणि दोन तासांहून जास्त असेल तर ५० टक्के भाग परत मागता येतो. असाधारण हवामानात मात्र रेल्वे हा परतावा नाकारू शकते, तरी अर्ज करा. त्यासाठी मूळ तिकीट लागतं.

परतीच्या दिवशी दुसऱ्या शहरातून थेट विमानतळ गाठायचा बेत करू नका. शेवटची रात्र जिथून विमान आहे त्याच शहरात काढा. अडीअडचणीला ११२ हा नंबर तिन्ही देशांत चालतो. विमा कंपनीचा मदत क्रमांक आणि पॉलिसी नंबर पासपोर्टच्या झेरॉक्सवर लिहून ती प्रत पासपोर्टपासून वेगळ्या बॅगेत ठेवा.